विकतचें ऊन : एका धंद्याच्या भांडवलाचा इतिहास

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना हसूं येईल. ज्या देशांत वैशाखांतलें ऊन चुकविण्यासाठीं मनुष्य झाडाची सावली शोधतो आणि डोक्याला उपरणें गुंडाळतो, त्या देशांतील श्रोत्यांना ऊन विकणाऱ्या दुकानाची हकीकत सांगणें म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाण्याचा भाव सांगण्यासारखेंच आहे. परंतु अशीं दुकानें अमेरिकेंत आणि युरोपांत गेलीं चाळीस-पन्नास वर्षें चाललेलीं आहेत. त्यांना इंग्रजींत 'टॅनिंग सलून' असें नांव आहे. दिव्यांच्या नळ्या बसविलेल्या पेटीवजा पलंगावर गिऱ्हाइकानें दहा-वीस मिनिटें पडून राहावयाचें, कातडी रापवून घ्यावयाची आणि त्याबद्दल पैसे मोजावयाचे, एवढाच ह्या धंद्याचा व्यवहार. असें दुकान, तेंहि दुसऱ्याचें नांव घेऊन, उघडावयाचें म्हटलें तर प्रथम कशाकशावर खर्च करावा लागतो, ही खर्चाची यादी कशी तयार झाली आणि तींत कोणता आंकडा पुष्कळ वर्षें लिहिलाच गेला नाहीं, हें आज पाहण्याचा माझा विचार आहे.

ह्या धंद्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींचा संगम झालेला आहे. एक, कृत्रिम सूर्यप्रकाश देणारा दिवा. आणि दुसरी, मोबदला घेऊन आपलें नांव दुसऱ्यास वापरूं देण्याची व्यापारी रीत. दिव्याचा, आणि सौंदर्यप्रसाधनाच्या धंद्यांत ह्या रीतीचा, आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत झाला, आणि दोन्हींच्या मुळाशीं दुर्बलांना हात देण्याची बुद्धि होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

प्रथम नांव वापरूं देण्याची रीत पाहूं. हिला 'फ्रँचायझी' म्हणतात. मूळ मालक आपलें नांव, आपली पद्धति व शिकवण देतो. दुकान काढणारा स्वतःचें भांडवल घालतो, मेहनत करतो आणि नांवाबद्दल मालकास ठराविक रक्कम भरीत राहतो. सौंदर्यप्रसाधनाच्या धंद्यांत ही रीत घालून देण्याचा मान मार्था मटिल्डा हार्पर ह्या बाईंकडे जातो. त्यांचा जन्म १८५७ सालीं कॅनडांत झाला. सातव्या वर्षीं त्यांना परक्या घरीं कामास ठेवण्यांत आलें आणि पुढें सुमारें पंचवीस वर्षें त्यांनीं मोलकरणीचें काम केलें. १८८८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं त्यांनीं स्त्रियांचे केस धुण्याचें व त्यांची निगा राखण्याचें दुकान उघडलें. त्या वेळीं त्यांच्यापाशीं जन्माची शिल्लक होती ३६० डॉलर; हेंच त्यांचें भांडवल. त्यांचे स्वतःचे केस जमिनीपर्यंत पोंचत. त्या केसांचें छायाचित्र दारावर लावलें, तीच त्यांची जाहिरात. गिऱ्हाइकाला मागें रेलून केस धुवून घेतां यावेत अशी खुर्चीहि त्यांनीं बनविली. १८९१ पासून त्यांनीं आपल्या नांवाचीं दुकानें इतर स्त्रियांना चालवावयास देण्याचा उपक्रम केला, आणि त्यांत पोटासाठीं दुसऱ्याच्या घरीं राबलेल्या बायकांना आवर्जून पुढें आणलें. भरभराटीच्या दिवसांत अशीं सुमारें पांचशें दुकानें चालत होतीं. हार्परबाई १९५० सालीं वारल्या.

पुढें ही रीत इतर धंद्यांत शिरली. १९५५ सालीं रे क्रॉक ह्या गृहस्थांनीं मॅक्डोनल्ड नांवाच्या खाद्यगृहांचा पसारा वाढविण्यास आरंभ केला, तेव्हां ते दुकान काढणारापासून ९५० डॉलर प्रवेशशुल्क घेत आणि पुढें एकंदर विक्रीवर शेंकडा १.९ डॉलर घेत. एकदां भरावयाचें प्रवेशशुल्क आणि विक्रीवर कायमचा हिस्सा, ह्या दोन बाबी आज कोणत्याहि फ्रँचायझीच्या हिशेबांत ठळकपणें आढळतात.

आतां दिव्याकडे वळूं. नील्स फिन्सेन हे डेन्मार्कमधील वैद्य स्वतः आजारी असत, आणि सूर्यप्रकाशाचा शरीरावर काय परिणाम होतो ह्याचा त्यांना ध्यास लागला होता. विजेच्या प्रखर दिव्यांतील अतिनील किरण एकत्र करून त्यांनीं त्वचेच्या क्षयावर उपचार सुरू केले. चेहरा विद्रूप करून टाकणारा हा रोग त्या काळीं दुःसाध्य समजला जाई. १८९६ सालीं कोपनहेगनमध्यें त्यांची संस्था निघाली, १९०३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें आणि पुढच्याच वर्षीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्याच १९०३ सालीं स्वित्झर्लंडमधील लेझां गांवीं ओग्युस्त रोलिए ह्या डॉक्टरांनीं हाडांच्या क्षयाच्या रोग्यांना उन्हांत ठेवून बरें करण्याचें रुग्णालय काढलें. १९१९ सालीं बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की ह्यांनीं मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखालीं ठेवून त्यांचीं हाडें सुधारतात असें सिद्ध केलें. ह्या सर्व काळांत हा दिवा रुग्णालयाची वस्तु होता. त्याच्याजवळ डॉक्टर उभा असे, आणि किरण किती व किती वेळ द्यावयाचे हें रोग पाहून ठरत असे.

मग हा दिवा रुग्णालयांतून बाजारांत आला कसा? ह्याचें उत्तर समाजाच्या आवडीनिवडींत आहे. युरोपांत शतकानुशतकें गोरा रंग हा सुखवस्तूपणाचा दाखला होता, कारण शेतांत राबणाराचीच कातडी रापत असे. कारखान्यांचें युग आल्यावर मजूर छपराखालीं गेला आणि फिकट दिसूं लागला. उलट, समुद्रकांठीं सुटी घालविण्याइतका पैसा व फुरसत ज्याच्यापाशीं होती त्याची कातडी तपकिरी झाली. १९२० नंतर रापलेला रंग हें श्रीमंतीचें लक्षण ठरलें. पॅरिसच्या कोको शानेल ह्या प्रख्यात वेषरचनाकार बाई १९२३ सालीं जलप्रवासांत रापून परतल्या आणि तेथून ही टूम निघाली, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, वारें कोणत्या दिशेला वाहत होतें हें तीवरून कळतें. पुढें १९४० नंतर क्षयावर औषधें निघालीं, आणि रुग्णालयांतील सूर्यचिकित्सा मागें पडली. दिव्याचें ज्ञान मात्र शिल्लक राहिलें.

१९७० नंतरच्या दशकांत जर्मनीमध्यें फ्रीड्रिख वुल्फ ह्यांनीं कातडी रापविण्याच्या कामीं विशेष उपयोगी अशा नळ्या व पलंग तयार केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेंत पोंचले. १९७८ च्या सुमारास आर्कान्सा राज्यांतील सर्सी ह्या लहान गांवीं 'टॅनट्रिफिक सन' नांवाचें दुकान निघालें. अमेरिकेंतील अशा पहिल्यावहिल्या दुकानांत त्याची गणना होते. थोड्याच वर्षांत अशा दुकानांचें पेंव फुटलें. सुटी घेऊन समुद्रकांठीं जाणें ज्याला परवडत नव्हतें, त्याला तोच रंग गांवच्या बाजारपेठेंत थोडक्या डॉलरांत मिळूं लागला. पुढें मोठमोठ्या कंपन्या आपल्या नांवाचीं दुकानें काढण्याचे हक्क विकूं लागल्या. दिव्याचा ओढा आणि नांवाचा ओढा, दोन्ही येथें एकत्र आले.

आतां दुकान काढणाराच्या वहीकडे पाहूं. यादींतील पहिली बाब प्रवेशशुल्काची. ती करारावर सही होतांच द्यावी लागते आणि बहुधा परत मिळत नाहीं. दुसरी बाब जागेची. दुकान वर्दळीच्या पेठेंत हवें, म्हणून भाडें जास्त, अनामत जास्त, आणि भाडेपट्टा कित्येक वर्षांचा. जागेंत प्रत्येक पलंगासाठीं निराळी खोली पाडावी लागते, कारण गिऱ्हाईक कपडे उतरून पडणार. तिसरी बाब पलंगांची. साधा पलंग कांहीं हजार डॉलरांत येतो. उंची पलंगाची किंमत दहा-दहा हजारांच्या पटींत जाते, आणि कोणते पलंग किती ठेवावेत हें नांवाचा मालक ठरवितो.

चौथी बाब विजेची, आणि नवख्या माणसाचा अंदाज बहुधा येथेंच चुकतो. शाळेंतल्या उदाहरणासारखें मांडून पाहूं. शंभर वॅटच्या चाळीस नळ्यांचा एक पलंग धरला, तर त्यास ४,००० वॅट वीज लागते. असे दहा पलंग एकदम चालले तर ४०,००० वॅट. म्हणजे घरांतल्या साठ वॅटच्या साडेसहाशेंहून अधिक दिव्यांइतकी. साध्या दुकानाच्या तारा एवढा भार सोशीत नाहींत. सर्व तारा नव्यानें घालाव्या लागतात. एवढे दिवे जळले कीं उष्णताहि तितकीच निघते, म्हणून हवा थंड ठेवणारीं मोठीं यंत्रें बसवावीं लागतात. म्हणजे प्रथम ऊन उत्पन्न करण्यासाठीं वीज जाळावयाची आणि मग त्या उन्हाचा उकाडा घालविण्यासाठीं पुन्हां वीज जाळावयाची! शिवाय नळ्या कायमच्या नसतात. ८०० तास टिकणारी नळी रोज आठ तास जळली तर शंभर दिवसांत बदलावी लागते, आणि दहा पलंगांच्या मिळून अशा चारशें नळ्या होतात. ह्यांखेरीज डोळ्यांवर घालावयाचे संरक्षक चष्मे, वेळ मोजणारीं यंत्रें, विक्रीचीं तेलें व मलमें, नोकरांची शिकवण, विमा आणि दुकान अंगावर येईपर्यंत तग धरण्यासाठीं हातीं ठेवावयाची रोकड, ह्या बाबी आहेतच. सर्वांची बेरीज केली असतां मोठ्या साखळींतील एक दुकान उघडण्यास कांहीं लाख डॉलर लागतात. हार्परबाईंच्या ३६० डॉलरांशीं ताडून पाहतांना महागाईचा हिशेब अर्थात् धरावयास हवा. परंतु तो धरूनहि एवढें निश्चित म्हणतां येईल कीं, मोलकरणीच्या शिल्लकेवर हें दुकान निघत नाहीं. येथें घर गहाण पडतें किंवा कर्ज काढावें लागतें.

आणि विक्रीवरील हिस्सा? तो नफ्यावर नसून बहुधा एकंदर विक्रीवर असतो. समजा, एखाद्या महिन्यांत वीस हजार डॉलरांची विक्री झाली आणि खर्च एकवीस हजार झाला. दुकानदारास एक हजाराची खोट आली. तरी शेंकडा सहा प्रमाणें बाराशें डॉलर नांवाच्या मालकास द्यावयाचेच. म्हणजे खोट बावीसशेंची झाली. हा धंदा मोसमी आहे. हिंवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गर्दी होते आणि पुढें पलंग रिकामे पडतात. भाडें मात्र बाराहि महिने चालू असतें.

हे सारे खर्च दुकान काढणारास आधीं कळावेत म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें १९७८ च्या डिसेंबरांत एक नियम केला व तो १९७९ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला. सर्सीचें दुकान निघालें त्याच सुमाराची ही गोष्ट. आज त्या नियमाचें स्वरूप असें आहे कीं, करारावर सही होण्यापूर्वीं किंवा पैसे घेण्यापूर्वीं निदान चौदा दिवस आधीं नांवाच्या मालकानें एक माहितीपत्र दिलें पाहिजे. त्यांत तेवीस कलमें असतात. पांचव्यांत प्रवेशशुल्क, सहाव्यांत पुढें वेळोवेळीं भरावयाच्या रकमा, सातव्यांत दुकान उघडण्याचा एकंदर अंदाजी खर्च, आणि विसाव्यांत किती दुकानें निघालीं व किती बंद पडलीं ह्याचा तपशील. दुकान काढणारानें पुष्कळदां सातवें कलम वाचावें आणि विसावें उलटून पुढें जावें, असें होतें. वस्तुतः विसाव्यांत जें लिहिलेलें असतें, तें सातव्याचेंच उत्तर असतें.

परंतु एवढी काळजीपूर्वक केलेली यादीहि एका अर्थीं अपुरीच होती. गिऱ्हाइकाची कातडी जें मोल देत होती तें तींत कोठेंच नव्हतें. रुग्णालयांत दिव्याजवळ उभा राहणारा डॉक्टर दुकानांत नव्हता, आणि रोगहि नव्हता. उरला होता केवळ दिवा. ह्या दिव्यांनीं कातडी भाजत नाहीं, म्हणून हें ऊन निर्धोक आहे, असा प्रचार वर्षानुवर्षें चालला. अतिनील किरणांचा परिणाम कातडींत सांचत जातो आणि त्याचें फळ पुष्कळ वर्षांनीं दिसतें, म्हणून त्या प्रचारास आंकडेवारीनें उत्तर मिळण्यास वेळ लागला. अखेर २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिआँ येथील कर्करोग-संशोधन संस्थेनें हे दिवे मनुष्यास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत, म्हणजे तंबाखूच्या धुराच्याच पंक्तीस, बसविले. वयाच्या तिसाव्या वर्षापूर्वीं ह्या दिव्यांची संवय लागल्यास 'मेलॅनोमा' नांवाच्या घातक त्वचारोगाचा धोका शेंकडा ७५ नीं वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता.

ह्यानंतर न लिहिलेला आंकडा निरनिराळ्या वाटांनीं वहींत शिरूं लागला. ब्राझीलनें २००९ सालींच सौंदर्यासाठीं ह्या दिव्यांचा वापर बंद केला. अमेरिकेंत २०१० च्या जुलैपासून ह्या सेवेवर शेंकडा दहा कर बसला. २०१२ च्या आरंभापासून कॅलिफोर्निया राज्यानें अठरा वर्षांखालील मुलांस तेथें मज्जाव केला. आणि २०१४ सालीं औषध-नियंत्रण खात्यानें पलंगावर ठळक चौकटींत इशारा छापण्याची सक्ती केली. तेथील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांपैकीं वर्षांतून एकदां तरी ह्या दिव्याखालीं जाणारांचें प्रमाण २००९ सालीं शेंकडा १५.६ होतें, २०१५ सालीं तें ७.३ वर आलें. शिक्षकाच्या नात्यानें मला हा आंकडा सर्वांत समाधानाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियाची कथा अधिक कठोर आहे. २००७ सालीं मेलबर्नची सव्वीस वर्षांची एक तरुणी मेलॅनोमानें मरण पावली. शेवटच्या दिवसांत तिनें ह्या दुकानांविरुद्ध जाहीरपणें आवाज उठविला होता, आणि तिच्या मृत्यूनें लोकमत हललें. न्यू साउथ वेल्स राज्यानें २०१२ सालीं बंदीची घोषणा केली. २०१४ च्या अखेरीस तेथें व इतर कांहीं राज्यांत ती अमलांत आली, आणि १ जानेवारी २०१६ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियानेंहि तोच मार्ग धरला. ज्यांनीं कर्ज काढून पलंग घेतले होते त्यांच्या हातीं काय राहिलें? पलंग भंगारांत गेले. दुकानदारानें कोणताहि कायदा मोडला नव्हता. पण ज्या वस्तूवर त्यानें भांडवल लावलें होतें ती वस्तुच धोक्याची ठरली. इतरत्र कंपन्यांनीं दिव्यांऐवजीं अंगावर रंग फवारण्याच्या खोल्या बसविण्यास आरंभ केला. त्या रंगांतील द्रव्य कातडीच्या बाहेरच्या थरालाच तपकिरी करतें, आणि १९६० सालापासून तें बाटलींत भरून विकलें जात होतें. म्हणजे दिव्याखालीं न जातां रंग देण्याची वाट सर्सीच्या दुकानापूर्वींच उघडी होती.

हें सर्व आपल्याला कशास पाहिजे, असें कोणी विचारील. आपल्याकडे तर ओढ उलट्या दिशेची. मुंबईच्या हिंदुस्थान लीव्हर कंपनीनें १९७५ सालीं 'फेअर अँड लव्हली' ह्या नांवानें गोरेपणाचें मलम बाजारांत आणलें. २०२० सालीं टीका झाल्यावर त्याचें नांव 'ग्लो अँड लव्हली' करण्यांत आलें. तिकडे गोऱ्याला सांवळें होण्यासाठीं आणि इकडे सांवळ्याला गोरें होण्यासाठीं एकाच दशकांत बाजार मांडला गेला. आपली कातडी आहे तशी चांगली नाहीं, ही समजूत पसरविल्यावांचून ह्यांपैकीं कोणताच माल खपला नसता. त्या समजुतीची किंमत मात्र गिऱ्हाइकाकडूनच वसूल होते.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. परक्याचें नांव घेऊन दुकान काढण्याची रीत आतां आपल्या जिल्ह्याच्या गांवींहि आली आहे. शिकवणीचे वर्ग, रक्त तपासण्याचीं केंद्रें, चहाचीं दुकानें, सौंदर्यगृहें ह्याच रीतीनें निघत आहेत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण करारपत्रें घेऊन मजकडे येतात; कोणी वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचा पैसा लावणार असतो, कोणी शेताचा तुकडा विकून आलेला. आपल्या देशांत फ्रँचायझीसाठीं असा स्वतंत्र कायदा नाहीं; १८७२ च्या कराराच्या कायद्यानें आणि इतर सामान्य कायद्यांनींच काम चालतें. चौदा दिवस आधीं माहितीपत्र मिळण्याचा हक्क येथें नाहीं. तेव्हां तीं तेवीस कलमें आपणच मनांत धरून प्रश्न विचारले पाहिजेत. हिस्सा नफ्यावर आहे कीं विक्रीवर? ह्या नांवाचीं किती दुकानें बंद पडलीं, आणि त्यांच्या मालकांशीं प्रत्यक्ष बोलतां येईल काय? करार संपल्यावर ह्या यंत्रांना दुसरें कोणी गिऱ्हाईक आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हा माल घेणाराचें पुढें वीस वर्षांनीं काय होणार आहे?

मुलांना मी असें सांगतों कीं, ह्या धंद्यांत पैसा कोणत्या क्रमानें हलतो तें पाहा. नांवाच्या मालकाला तो सहीच्या दिवशीं मिळतो. दुकानदाराला मिळालाच तर कित्येक वर्षांनीं मिळतो. गिऱ्हाइकाचा हिशेब सर्वांच्या शेवटीं होतो, आणि त्या वेळीं दुकान कदाचित् जागेवर नसतें. हार्परबाईंची जन्माची शिल्लक लहान होती. परंतु केस धुवून घेऊन घरीं गेलेल्या बाईच्या अंगावर त्या दुकानाचें कोणतेंहि देणें उरत नव्हतें. नवें दुकान काढणारानें भांडवलाच्या बेरजेइतकीच ही गोष्टहि तपासून घ्यावी, एवढेंच माझें सांगणें आहे.